कोऱ्या पाटीवरची जुनी अक्षरं

‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ चा. किंमत दहा सेंट, मुखपृष्ठावर मोटारगाडी उचलून आपटणारा सुपरमॅन. ही मालिका २०११ साली ९०४ व्या अंकावर थांबवण्यात आली आणि लगेच तिचा नवा ‘पहिला अंक’ निघाला. नवी मालिका ५२ अंक चालली. २०१६ मध्ये डीसी कॉमिक्सने त्यापुढचा अंक काढला, त्यावर ५३ हा आकडा नव्हता. होता ९५७. हिशेब चोख आहे: ९०४ आणि ५२ मिळून ९५६. मागचं सगळं पुसून नव्याने सुरुवात करतोय म्हणून ज्या पाच वर्षांचा एवढा गाजावाजा झाला होता, ती मुकाट्याने जुन्या खातेवहीत जमा झाली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये हजारावा अंक आला आणि तोही धडाक्यात खपला.

एकचा आकडा खपतो, हजाराचाही खपतो. दोन्ही वेळा दुकानात रांग लावणारा माणूस मात्र एकच असतो, आणि तो पंधरा-वीस वर्षं कॉमिक्स वाचत आलेला असतो. सुपरहिरो कॉमिक्सच्या रीबूटवर, म्हणजे जुना इतिहास पुसून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यावर, चाहते चिडले की त्यांना एक ठरलेलं उत्तर मिळतं: बाबांनो, हे तुमच्यासाठी नाहीच, हे नव्या वाचकासाठी आहे. उत्तर ऐकायला उदार वाटतं. त्यापुढे चाहता हट्टी, म्हातारा, आपलं खेळणं दुसऱ्या कुणाला न देणारा दिसू लागतो. मला हे उत्तर खोटं वाटतं. रीबूटच्या जाहिरातीतला ‘नवा वाचक’ हे या धंद्याने घडवलेलं सगळ्यात टिकाऊ काल्पनिक पात्र आहे. त्याच्या नावाने जुन्याच वाचकाला जुनाच माल नव्या वेष्टनात विकला जातो. चाहत्यांचा राग रास्त आहे. फक्त ते तो चुकीच्या कारणासाठी काढतात.

मूळ अडचण खरी आहे, हे आधी कबूल करायला हवं. १९३८ पासून एकच माणूस, सुपरमॅन, मेट्रोपोलिसच्या वर्तमानपत्रात नोकरी करतोय आणि अजून तिशीतच आहे, तेव्हा कुठेतरी काहीतरी ताणलं जाणारच. १९५६ मध्ये डीसीने फ्लॅश हे जुनं नाव घेऊन बॅरी ॲलन नावाचा नवा नायक आणला. मग १९४० च्या फ्लॅशचं, जे गॅरिकचं, काय करायचं? १९६१ साली गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि कार्माइन इन्फँटिनो या चित्रकाराने तोडगा काढला: दोन पृथ्व्या आहेत, जुने नायक दुसऱ्या पृथ्वीवर राहतात. कल्पना इतकी गोड होती की पृथ्व्यांचं पेवच फुटलं. शेवटी १९८५-८६ मध्ये मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या १२ अंकांच्या मालिकेत त्या सगळ्या पृथ्व्या ठेचून एकच उरवली. सुपरगर्ल मेली, बॅरी ॲलन मेला. आज आपण ज्याला रीबूट म्हणतो त्याची ही गंगोत्री.

आणि पहिल्याच खेपेला लक्षात आलं की पाटी कधी पूर्ण कोरी होत नाही. सुपरमॅन जॉन बर्नने १९८६ मध्ये मुळापासून लिहिला, वंडर वुमन पेरेझने १९८७ मध्ये. बॅटमॅनचं मात्र बरंचसं तसंच राहिलं, कारण तो विकत होता. नव्या हिशेबात सुपरमॅन लहानपणी कधी सुपरबॉय नव्हताच. पण तिसाव्या शतकातली लीजन ऑफ सुपरहिरोज ही टोळी तर सुपरबॉयच्याच प्रेरणेने उभी राहिली होती! मग त्यासाठी एक ‘खिशातलं विश्व’ कल्पून त्यात वेगळा सुपरबॉय ठेवावा लागला. वंडर वुमन आत्ता आत्ता जगात आली असेल, तर तिची धाकटी जोडीदार डॉना ट्रॉय इतकी वर्षं कुणाच्या नावावर वावरत होती? डॉनाची जन्मकथा मग इतक्या वेळा दुरुस्त झाली की ती दुरुस्तीच तिची ओळख बनली. घर पाडून बांधायचं म्हणायचं, पण ज्या खोल्यांचं भाडं येतं त्यांना हात लावायचा नाही, तर भिंती वाकड्याच येणार. १९९४ मध्ये ‘झीरो अवर’ने त्या वाकड्या भिंतींना टेकू दिले, २००५ मध्ये ‘इन्फिनिट क्रायसिस’ने त्या टेकूंना.

२०११ चा ‘न्यू ५२’ हा सगळ्यात मोठा प्रयोग. ३१ ऑगस्टला जेफ जॉन्स आणि जिम ली यांच्या ‘जस्टिस लीग’चा पहिला अंक आला आणि सप्टेंबरभरात ५२ मालिका एकपासून सुरू झाल्या. कागदी अंक आणि डिजिटल अंक एकाच दिवशी मिळू लागले. हा त्यातला खरोखर नव्या वाचकाच्या सोयीचा निर्णय होता, आणि त्याला रीबूटची काहीच गरज नव्हती. कथेच्या अंगाने सांगितलं गेलं की नायक जगासमोर येऊन साधारण पाचच वर्षं झाली आहेत. बरं. पण बॅटमॅन खपत होता, त्यामुळे त्याचे सगळे रॉबिनही ठेवायचे होते. डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम ड्रेक आणि बॅटमॅनचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा डेमियन. पाच वर्षांत चार साथीदार, त्यातला एक मधल्या काळात मरून परत आलेला! कुणीही नवा वाचक कागद-पेन्सिल घेऊन बसला असता तर त्याला वाटलं असतं की हा बॅटमॅन पोरं वर्षाच्या कराराने ठेवतो.

हसून सोडून देता येईल असं हे आहे. बार्बरा गॉर्डनचं प्रकरण तसं नाही. बार्बरा १९६७ मध्ये बॅटगर्ल म्हणून आली. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकरने तिला गोळी घातली आणि तिचे पाय गेले. ती गोष्ट बॅटमॅनची आणि जोकरची होती. बार्बरा त्यात फक्त जखम म्हणून वापरली गेली. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याने तिला उचललं आणि ‘ओरॅकल’ म्हणून उभं केलं: चाकाच्या खुर्चीत बसलेली, संगणकावरून साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी, कुणाच्या दयेवर न जगणारी बाई. वीस-बावीस वर्षं ती तशी होती. अपंगत्व असलेल्या वाचकांना सुपरहिरोंच्या गर्दीत आपली म्हणावी अशी जी मोजकी पात्रं होती, त्यांत ओरॅकल अग्रभागी होती. बॅटगर्लचा मुखवटा मधल्या काळात कॅसांड्रा केनने आणि नंतर स्टेफनी ब्राउनने घातला. स्टेफनीची मालिका २४ अंक चालली होती, विनोदी होती, आणि नवखी वाचक मुलगी हाती धरू शकेल अशी होती.

न्यू ५२ मध्ये बार्बरा पुन्हा चालायला लागली आणि बॅटगर्ल झाली. स्टेफनी आणि कॅसांड्रा गायब. जी गेल सिमोन कितीतरी वर्षं ‘बर्ड्स ऑफ प्रे’मध्ये ओरॅकल लिहीत होती, तिच्याच हाती ही नवी मालिका आली आणि तिने ती मनापासून लिहिली. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा की हा बदल कुणासाठी होता? २०११ मध्ये पहिल्यांदा कॉमिक हातात घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला बॅटगर्ल बार्बरा आहे की स्टेफनी याने काय फरक पडणार होता? तिच्यासाठी दोघी सारख्याच नव्या. बार्बराच हवी असा आग्रह फक्त त्याचा असू शकतो ज्याच्या लहानपणी बॅटगर्ल म्हणजे बार्बरा होती. म्हणजे चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या माणसाचा. ‘नव्या वाचकासाठी’ या पाटीखाली कुणाचं तरी बालपण परत आणून बसवलं गेलं.

फ्लॅशचंही हेच, आणि इथे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. बॅरी ॲलन मेल्यावर त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट फ्लॅश झाला. १९८७ पासून त्याच्या नावाची मालिका चालली. पोरगा आधी उथळ, पैशाच्या मागे, बायकांच्या मागे. मग हळूहळू, अंकामागून अंक, जबाबदार होत गेला, लिंडा पार्कशी लग्न केलं, जुळी मुलं झाली. सुपरहिरो कॉमिक्समध्ये माणूस खरोखर मोठा होताना क्वचित दिसतो. वॉली झाला. जवळजवळ दोन दशकं जे कुणी फ्लॅश वाचायला आले, त्यांच्यासाठी फ्लॅश म्हणजे वॉलीच. त्या वेळचे नवे वाचक तेच. मग २००८ मध्ये बॅरी परत आला, आणि २०११ मध्ये वॉली या जगात कधी नव्हताच असं ठरलं. १९५६ चा नायक परत आणण्यासाठी १९८७ च्या नायकाला पुसून टाकायचं आणि याला ताजेपणा म्हणायचं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पुढचा घटनाक्रम तर उद्बोधक आहे. मे २०१६ मध्ये डीसीने ‘रीबर्थ’ नावाने माघार घेतली. पहिला अंक ८० पानांचा, किंमत २ डॉलर ९९ सेंट. त्यात वॉली काळाच्या प्रवाहातून परतण्याची धडपड करतो, लिंडाकडे जातो, ती त्याला ओळखत नाही. शेवटी तो बॅरीचा निरोप घ्यायला येतो आणि अगदी विरून जाण्याच्या क्षणी बॅरीला त्याचं नाव आठवतं. मी ते पान वाचून डोळे पुसले, आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की ज्यांनी पाच वर्षांपूर्वी याला काढून नेलं, त्यांनीच तो मला परत विकला. दोन्ही वेळा पैसे माझेच. बरं, परत आलाय तर सुखाने राहू द्यावा? २०१८ च्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये वॉली इतर नायकांच्या मृत्यूला जबाबदार ठरला. २०२१ मध्ये तो निर्दोष असल्याचं दाखवून तो डागही धुतला. ज्या माणसाला हा सगळा प्रवास माहीत नाही, त्याच्यासाठी यातल्या एकाही टप्प्याला अर्थ नाही. तरीही आपण म्हणायचं की रीबूटमुळे गोष्ट सोपी होते.

न्यू ५२ नंतर डीसीनेच नील्सन या बाजार-पाहणी करणाऱ्या कंपनीकडून वाचकांची पाहणी करून घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ च्या सुरुवातीला बाहेर आले. उत्तर देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष होते. १८ वर्षांखालचे सुमारे २ टक्के. कॉमिक्स नव्याने वाचू लागलो असं सांगणारे ५ टक्के. अशा पाहण्यांत उत्साही मंडळीच जास्त भाग घेतात, तेव्हा आकडे दशांशापर्यंत प्रमाण मानू नयेत. पण ५ चे ५० होण्याइतकी चूक त्यात नसावी. नव्या वाचकासाठी उभारलेल्या मांडवात वीसपैकी एकोणीस जण आधीपासूनचेच होते. आणि जानेवारी २०१२ मध्ये ज्या पहिल्या सहा मालिका आठव्या अंकाला बंद करण्याचं जाहीर झालं, त्यांत ‘स्टॅटिक शॉक’ होती, म्हणजे शाळकरी वयाच्या कृष्णवर्णीय नायकाची मालिका. जो खरोखर नवखा, तो सगळ्यात आधी बाहेर.

मार्व्हलचे लोक यावर गालातल्या गालात हसतात, कारण त्यांनी आपलं विश्व असं अधिकृतपणे कधी पुसलं नाही. त्यांची पद्धत वेगळी: इतिहास तसाच ठेवायचा आणि आकडा पुसायचा. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९६३ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये पुन्हा एकपासून, २००३ मध्ये जुनी मोजणी जोडून पाचशेवा अंक, २०१४ मध्ये पुन्हा एक, पुढच्याच वर्षी पुन्हा एक, मग जुन्या मोजणीने २०१८ मध्ये आठशेवा, त्याच वर्षी पुन्हा एक, २०२२ मध्ये पुन्हा एक. कुणी मला विचारलं, स्पायडर-मॅन कुठून वाचू, तर मी आधी पाणी मागतो.

असं का होतं, याचं उत्तर गोष्टीत नाही, दुकानात आहे. एकेकाळी हे अंक वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर, औषधांच्या दुकानात, फिरत्या जाळीच्या स्टँडवर मिळत. न विकलेले परत जात. पोरं आईबरोबर खरेदीला गेली की तिथेच उभी राहून वाचत. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग या विक्रेत्याने प्रकाशकांकडून थेट माल घ्यायची पद्धत सुरू केली: सवलत जास्त, पण माल परत घेणार नाही. त्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढली आणि धंदा हळूहळू तिथेच एकवटला. याने कॉमिक्स तगली, हे खरं आहे. पण तेव्हापासून प्रकाशकाचं पहिलं गिऱ्हाईक वाचक राहिला नाही. दुकानदार झाला. तो महिना-दोन महिने आधी मागणी नोंदवतो, न खपलेला गठ्ठा त्याच्याच गळ्यात पडतो, म्हणून तो जपून मागवतो. जास्त मागवतो ते फक्त पहिल्या अंकाला, कारण संग्रह करणारे तो घेतात. दुसऱ्या अंकाला मागणी घसरते, तिसऱ्याला आणखी. ती फारच खाली गेली की उपाय एकच: पुन्हा पहिला अंक काढा. वर निरनिराळी मुखपृष्ठं, पंचवीस प्रती मागवल्या तर एक दुर्मीळ मुखपृष्ठाची. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. तेवढी माणसं ते वाचत नव्हती. एकेक जण चार-पाच प्रती घेऊन, पुढे सोन्याच्या भावाने विकू म्हणून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवत होता. तो फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

तेव्हा रीबूट हा मुळात साहित्यिक निर्णय नसून गल्ल्याचा निर्णय आहे. त्याला ‘नवा वाचक’ हे नाव देणं सोयीचं असतं, इतकंच.

खरा नवा वाचक दरम्यान दुसरीकडे निघून गेला, आणि त्याने आपल्याबद्दलचा एक मोठा समजही मोडीत काढला. समज असा की लांबलचक इतिहास पाहून मुलं बिचकतात. ‘वन पीस’ ही जपानी मालिका १९९७ पासून अखंड चालू आहे. शंभरहून अधिक खंड. अमेरिकेतली बारा-तेरा वर्षांची पोरं पुस्तकांच्या दुकानात जमिनीवर फतकल मारून ती वाचतात. त्यांना कुणी धक्का देऊन आत ढकललेलं नाही. पुस्तकाच्या कण्यावर १ लिहिलेलं असतं ते पहिलं, २ लिहिलेलं असतं ते दुसरं, बस्स. रेना टेल्गेमायरच्या शाळकरी जीवनावरच्या चित्रकथा आणि डेव्ह पिल्कीचा ‘डॉग मॅन’ लाखांनी खपतात, कारण ती पुस्तकं मुलांच्या हाताशी, शाळेच्या ग्रंथालयात आणि पुस्तकांच्या दुकानात असतात, आणि एक पुस्तक घेतलं की गोष्ट पुरी मिळते. उलट वीस पानांच्या, महिनाभर वाट पाहायला लावणाऱ्या, चार-पाच डॉलरच्या अंकात काय मिळतं? एका मारामारीचा पूर्वार्ध. इतिहासाची लांबी ही अडचण नव्हतीच. दार सापडत नव्हतं, आणि प्रत्येक रीबूटने दाराचा नंबर पुन्हा बदलला.

मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांच्या नावाने या धंद्यात एक वचन फिरतं: प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो. ते त्यांनीच म्हटलं की आणखी कुणी, हा वाद सोडा. त्याचा अर्थ लेखकाने कामाला लागावं असा आहे. पात्राचं नाव, त्याचं दुःख, त्याची आजची अडचण, पहिल्या दोन पानांत कळली पाहिजे, मग तो अंक ५३७ वा का असेना. हे कसब अवघड आहे. विश्व नष्ट करणं त्यामानाने सोपं.

आता चाहत्यांकडे. त्यांच्या बाजूने एवढं बोललो म्हणून ते सोवळे ठरत नाहीत. १९८८ मध्ये डीसीने दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांना टेलिफोनवर विचारलं, कॉलमागे ५० सेंट घेऊन. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं. हा आकडा मला नेहमी अस्वस्थ करतो. पात्रावर आपला हक्क आहे, हे पैसे भरून सिद्ध करायची सवय वाचकाला इथे लागली नसेल, पण इथे तिच्यावर प्रकाशकाचा शिक्का बसला. २०११ मध्ये मार्व्हलच्या समांतर ‘अल्टिमेट’ विश्वात पीटर पार्कर मेला आणि माइल्स मोरालेस हा आफ्रिकी-प्वेर्तो रिकन वंशाचा मुलगा तिथला स्पायडर-मॅन झाला. मूळ पीटरला धक्काही लागलेला नव्हता, त्याचा मासिक अंक सुरूच होता. तरी काही जणांनी असा गळा काढला की जणू घरातलं माणूस हिरावून नेलं. त्या ओरड्यात वर्णद्वेष होता. त्याला ‘कथासातत्याची काळजी’ असं साजूक नाव देण्यात अर्थ नाही. ओरॅकल गेल्याचं दुःख आणि माइल्स आल्याचा संताप, दोन्ही ‘चाहत्यांची नाराजी’ म्हणून एकाच पोत्यात भरले जातात. त्याचा फायदा प्रकाशकाला होतो: पहिल्या तक्रारीला उत्तर द्यायची वेळ आली की तो दुसरीकडे बोट दाखवतो.

शिवाय आजचे संपादक आणि लेखक म्हणजे कालचे चाहतेच. जुना ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन २००४-०५ मध्ये परत आला, बॅरीला २००९ मध्ये पुन्हा स्वतःची मालिका मिळाली, आणि दोन्ही वेळा लेखक जेफ जॉन्स. जो तो आपल्या बाराव्या वर्षीचं जग पुन्हा मांडतो. उद्या वॉलीच्या पिढीतला कुणी त्या खुर्चीत बसला तर तोही हेच करेल, आणि मी टाळ्या वाजवीन, हेही मला ठाऊक आहे.

मग नवं काही आणायचंच नाही का? आणायचं, आणि आणलं गेलंही आहे. २००० मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये पीटरला पुन्हा पंधरा वर्षांचा करून पहिल्यापासून सांगितला. मूळ मालिका शेजारी चालूच राहिली. कुणाकडूनही काही काढून घेतलं गेलं नाही, म्हणून जुन्या वाचकांनीही ती आवडीने घेतली. २०१४ ची ‘मिस मार्व्हल’ तर याहून बोलकी आहे. जी. विलो विल्सनने लिहिलेली कमला खान ही जर्सी सिटीतली, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली मुलगी. तिच्या पहिल्या संग्रहाला विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला, पुस्तकांच्या दुकानांतून ती कॉमिक्स न वाचणाऱ्या मुलींपर्यंत पोचली. आणि ही कमला कोण? अव्हेंजर्सची वेडी चाहती, त्यांच्यावर स्वतः गोष्टी रचून लिहिणारी. जुना इतिहास तिच्या गोष्टीत अडथळा म्हणून येत नाही. तिच्या खोलीच्या भिंतीवर पोस्टर होऊन लटकतो. वाचणाऱ्या मुलीला कॅप्टन मार्व्हलची मागची चाळीस वर्षं माहीत असावी लागत नाहीत. कमलाला ती बाई आवडते, एवढं कळलं की पुरे. जुन्याचं ओझं न वाटता जुन्याचं कुतूहल वाटावं, ही युक्ती तिथे साधली आणि त्यासाठी एकही विश्व फोडावं लागलं नाही.

अलीकडे दोन्ही कंपन्यांना हे कळल्यासारखं दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये ब्रूस वेनकडे ना हवेली, ना वडिलोपार्जित पैसा. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. नेहमीचा गर्भश्रीमंत बॅटमॅन शेजारच्या मालिकेत जसाच्या तसा आहे. हा वेगळा अंक तुफान खपला, आणि वॉलीच्या पुसण्याने दुखावलेल्या माझ्यासारख्याला त्यात दुखावण्यासारखं काही सापडलं नाही.

मार्व्हलचं उदाहरण जास्त गमतीचं आहे. पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचं लग्न १९८७ मध्ये झालं. २००७ मध्ये ‘वन मोअर डे’ या कथेत पीटर मे काकूचा जीव वाचवण्यासाठी मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतो आणि त्याबदल्यात ते लग्न कधी झालंच नाही असं होतं. तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा यांची भूमिका उघड होती: लग्न झालेला स्पायडर-मॅन म्हातारा वाटतो, तरुण वाचकाशी त्याचं जुळत नाही. वीस वर्षांचा संसार त्या तरुण वाचकाच्या नावाने सैतानाला दिला गेला, आणि चाहते तो अजून विसरलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांची नवी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ आली. तिच्यातला पीटर मध्यमवयाकडे झुकलेला, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि कोळी त्याला आत्ता कुठे चावतो. दुकानदारांना पुन्हा पुन्हा छापून मागवावी लागली ती ही मालिका. शेजारी मुख्य ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये पीटर अविवाहितच आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिचा सातवा पहिला अंक निघाला.